काळा बोका, काळा सोफा आणि 2880 डीपीआय

आमचा बोका काळा आहे आणि सोफाही काळा आहे, यात चूक कोणाची हे घरात अजून ठरलेलं नाही. पण एका संध्याकाळी खिडकीतून असा तिरका उजेड आला की त्याच्या पाठीवरचा केसन् केस वेगळा दिसायला लागला, मी फोटो काढला आणि तो चक्क चांगला आला. आता माझा चांगला फोटो वर्षातून एकदाच येतो, तो काय मोबाईलमध्ये ठेवून गप्प बसायचं? फाइन आर्ट पेपर मागवला. 310 जीएसएम (म्हणजे चौरस मीटरला 310 ग्रॅम), शंभर टक्के कॉटन, मॅट म्हणजे बिनचमकीचा. हातात घेतला की माणूस उगाच हळू आवाजात बोलायला लागतो असा कागद.

प्रिंटरच्या सेटिंगमध्ये 720, 1440 आणि 2880 डीपीआय (एका इंचात किती ठिपके) होतं. एवढा भारी कागद आणि 1440? म्हणून 2880. क्वालिटी सगळ्यात वरची. मीडिया टाइपमध्ये (म्हणजे कागद कुठला ते) मॅटचा पर्याय समोर दिसत होता, पण मला 'प्रीमियम ग्लॉसी'मधला प्रीमियम आवडला (माझे बरेच निर्णय असेच झालेत).

शाई टाकणारं हेड इकडून तिकडे, तिकडून इकडे, कागद प्रत्येक फेरीला केसभर पुढे. बऱ्याच वेळाने सोफ्याचा एक हात बाहेर आला. मग अचानक खर्रर्र! कागद शाई पिऊन फुगलेला, त्याला लाटा आलेल्या, आणि हेड कागदाच्या वर जेमतेम एक-दोन मिलिमीटरवरून फिरतं, ते लाटेवर घासलं आणि काळा फराटा ओढून पुढे निघून गेलं, काही झालंच नाही असं दाखवत.

बायकोने प्रिंट बघितली. "सोफा मस्त आलाय रे."

"अगं बोका आहे तो!"

"कुठाय?"

खरंच नव्हता. आणि वर कहर म्हणजे एवढी शाई ओतूनही काळा रंग काळा नव्हता, धुरकट राखाडी होता. कारण काय, तर ग्लॉसी सांगितलं की ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) फोटो ब्लॅक शाई वापरतो आणि मॅट कागदाला लागते मॅट ब्लॅक. शाई किती ओतायची हेही तो मीडिया टाइप बघूनच ठरवतो, म्हणजे कागद कुठला आहे हे त्याला आपण सांगू तेच खरं वाटतं, बिचारा. मॅट कोटिंगची (कागदावरच्या शाई धरणाऱ्या थराची) पिण्याची एक हद्द असते, ती संपली की शाई शेजारच्या ठिपक्यांत घुसते आणि अंधारातल्या सगळ्या छटांचा एकच गोळा होतो. त्या गोळ्यात आमचा बोका.

आणि 2880चं म्हणाल तर डीपीआय म्हणजे प्रिंटर ठिपके किती जवळ टाकतो ते, फोटोत तपशील किती आहे ते नाही. फाईल 300-360 पीपीआयची (छापल्यावर इंचाला तेवढे पिक्सेल) असली की हातात धरून बघायला भरपूर झालं, त्यापुढचे बारकावे खरखरीत कॉटनच्या पोतातच बुडतात. मी वाढवला तो फक्त वेळ.

दुसरी प्रिंट उलट्या बाजूला छापली गेली, तिच्याबद्दल बोलायचं नाही. (कोपऱ्याला ओलसर बोट लावायचं, किंचित चिकटेल ती कोटिंगची बाजू. हे नंतर कळलं.)

तिसऱ्या वेळी शहाण्यासारखा वागलो. मीडिया टाइप मॅट, 1440, हेड आणि कागदातलं अंतर वाढवलेलं, त्या कागदाचंच प्रोफाइल (त्यावर रंग कसे उतरतात हे सांगणारी फाईल). आणि काय सांगू, पाठीवरची चमक, कानाची कड, मिशा, सगळं आलं! रंग नीट बसायला एक दिवस लागतो म्हणून हात न लावता टेबलावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी बायको वाकून म्हणाली, "याच्या नाकावर काहीतरी आहे." केस होता. छापायच्या आधीच कागदावर पडलेला, काळ्यावर काळा, मला कसा दिसणार? चिमटीत धरून अलगद उचलला. त्याच्या खाली शाई पोचलीच नव्हती, नाकापासून कपाळापर्यंत पांढरीशुभ्र रेघ.

मी सोफ्याकडे बघितलं. साहेब तिथेच बसले असणार, पण संध्याकाळ झाली होती, दिसले नाहीत.