निकितीन हे एक घराणं नव्हे

चौल-रेवदंड्याचा विषय निघाला की एक मजकूर हमखास पुढे सरकवला जातो. मलाही तो चार वेगवेगळ्या ग्रुपांवरून आला. त्याचा सारांश असा: "भारतात पाऊल ठेवणारा पहिला युरोपीय वास्को द गामा नव्हे, तर रशियाचा अफानासी निकितीन. झारने त्याला दूत म्हणून पाठवलं होतं. तो आपल्या चौलला उतरला. 'निकिता' हे मूळचं संस्कृत नाव, ते त्याने इथूनच नेलं. पुढे याच निकितीन घराण्यात मोठे चित्रकार, कवी आणि मॉस्कोचा गगनचुंबी टीव्ही टॉवर उभारणारा इंजिनिअर जन्माला आले."

यातलं चौल खरं आहे. रेवदंड्यात त्याच्या स्मरणार्थ स्तंभही उभा आहे. बाकीचं खरं नाही. अफानासी हा माझ्या अतिशय आवडीचा प्रवासी आहे, म्हणूनच त्याच्या नावावर हे खपवलेलं मला सहन होत नाही.

आधी "पहिला युरोपीय". अफानासी १४७०च्या आगेमागे कोकणात आला. वास्को द गामा कालिकतला पोचला १४९८ मध्ये, म्हणजे त्याच्या आधी आला हे बरोबर. पण वास्कोच्या आधीचा आणि सगळ्यांत पहिला यांत फार अंतर आहे. ते समजायला चौलहून लांब जायला नको, ठाण्याला गेलं तरी पुरे. १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन धर्मोपदेशक ठाण्यात मारले गेले. त्यांचा सोबती जॉर्डेनस वाचला आणि पुढे कोल्लमचा बिशप नेमला गेला. त्यानंतर थोड्याच काळात आलेला ओडोरिक हा इटालियन साधू त्या चौघांच्या अस्थी घेऊन चीनकडे गेला. त्याहीआधी, तेराव्या शतकाच्या अखेरीस, मार्को पोलोने आपल्या किनाऱ्याचं वर्णन करताना ठाण्याची नोंद केली आहे. व्हेनिसचा व्यापारी निकोलो दे कोन्ती १४२०च्या सुमारास विजयनगर पाहून गेला. आणि मेगास्थेनिसला कुठे ठेवायचं? तो तर मौर्यांच्या दरबारात होता.

हा दावा रशियातही जोरात चालतो. पण ज्याने अफानासीच्या प्रवासवर्णनाचं हस्तलिखित उजेडात आणलं, त्या करमझिन या इतिहासकाराने "पहिला" म्हटलेलं नाही. युरोपियांनी भारताबद्दल लिहून ठेवलेल्या सर्वांत जुन्या प्रवासांपैकी एकाचा मान रशियाकडे जातो, एवढंच त्याचं म्हणणं. "पैकी एक" हे शब्द पुढे पाठवणाऱ्यांनी गाळले. शिवाय अफानासीने नवा सागरी मार्ग वगैरे शोधला नाही. इराणातून होर्मुझ आणि तिथून मस्कत, दीव, खंबायत करत चौल, ही घोड्यांच्या व्यापाऱ्यांची रुळलेली वाट होती.

"झारचा दूत" हे तर दोन्ही शब्दांत चुकीचं आहे. त्या वेळी रशियात झार नव्हता. झार म्हणून पहिला राज्याभिषेक झाला तो चौथ्या इव्हानचा, १५४७ मध्ये. अफानासी मॉस्कोचासुद्धा नव्हता. तो होता त्वेरचा, आणि त्वेर हे १४८५ पर्यंत वेगळं संस्थान होतं. तो व्यापारी म्हणून व्होल्गेतून निघाला, तेही कास्पियनच्या काठावरच्या शिरवानला जायला. भारत त्याच्या मनातही नव्हता. अस्त्राखानजवळ तातारांनी त्याला लुटलं. मग सोबत्यांचं काय झालं ते त्याने स्वतःच सांगितलं आहे: ज्यांचं रशियात काही होतं ते परत गेले, जे कर्जात होते ते डोळे नेतील तिकडे गेले. तो दुसऱ्यांतला. डोक्यावर कर्ज असलेला माणूस एक घोडा घेऊन दख्खनेत आला, तो विकून चार पैसे गाठीला लागतील या आशेवर.

तो घोडाही जाता जाता वाचला. चौलहून पालीमार्गे घाट चढून तो जुन्नरला गेला आणि पावसाळा तिथेच काढला. चार महिने रात्रंदिवस नुसतं पाणी आणि चिखल, असं त्याने लिहिलंय. तिथल्या खानाने घोडा काढून घेतला आणि सांगितलं, मुसलमान झालास तर घोडा परत आणि वर हजार मोहरा, नाही झालास तर घोडाही गेला आणि तूच हजार मोहरा भरायच्या. मुदत चार दिवसांची. खोरासानच्या एका खोजा मुहम्मदने रदबदली केली म्हणून सुटका झाली. घोडा शेवटी बिदरला विकला गेला. राजाचा दूत असता तर त्याच्यावर ही वेळ आली असती का? व्यापाराबद्दलचं त्याचं मतही मजकूर लिहिणाऱ्यांनी वाचायला हवं. आमच्या देशाच्या कामाचा माल इथे नाही, मिरी आणि रंग स्वस्त आहेत पण जकात भारी आणि समुद्रात चाचे फार, मला थापा मारून इकडे पाठवलं, अशी त्याची सरळ तक्रार आहे. आपल्याकडे घोड्यांना हरभरा घालतात आणि साखर घालून खिचडी शिजवून देतात, हेही त्याने टिपलं. 'खिचडी' हा शब्द पंधराव्या शतकातल्या रशियन लिखाणात त्याच्यामुळे सापडतो. मला त्याचं मोठेपण अशा ओळींत दिसतं.

आता नावाकडे येऊ. आपल्याकडे निकिता मुलीचं नाव आहे आणि 'निकेत' म्हणजे घर हा संस्कृत शब्द आहे, त्यावरून ही कल्पना निघाली असावी. पण रशियात निकिता हे पुरुषाचं नाव. निकिता ख्रुश्चेव्ह आठवा. ते ग्रीकमधून, ख्रिस्ती धर्माबरोबर आलं आणि त्याचा अर्थ विजयी. अफानासीच्या साडेतीनशे वर्षं आधी नोवगोरोदला निकिता नावाचा बिशप होऊन गेला. आणि मुख्य म्हणजे निकिता हे अफानासीच्या बापाचं नाव. मुलगा भारतात येण्याआधी बापाचं बारसं झालेलं होतं.

घराण्याचा सगळा दावा इथेच कोसळतो. रशियन भाषेत 'आ'काराने संपणाऱ्या नावाला 'ईन' लागलं की 'त्याचा' असा अर्थ होतो: निकिताचा तो निकितीन, फोमाचा तो फोमीन, इल्याचा तो इल्यीन. व्यंजनाने संपणाऱ्या नावाला 'ओव्ह' लागतं, म्हणून इव्हानचा इव्हानोव्ह. अफानासी प्रार्थनेत स्वतःला "अफोनासी, मिकिताचा मुलगा" म्हणवतो (मिकिता म्हणजे निकिताच). आपल्याकडे मधे वडिलांचं नाव लावतात, तसंच हे. ते आडनाव नव्हतं. ज्या ज्या गावात निकिता नावाचा बाप होता, तिथे तिथे एक निकितीन तयार होऊ शकत होता. शेतकऱ्यांपैकी बहुतेकांना तर कायमची आडनावं १८६१ मध्ये भूदासपणा संपल्यानंतरच मिळाली. सगळे पाटील एका रक्ताचे नसतात हे आपल्याला कोणी सांगावं लागत नाही. मग रशियन माणसाला वेगळा न्याय का?

एकेक निकितीन बघा. सतराव्या शतकात कोस्त्रोमाचा गुरी निकितीन हा भित्तिचित्रांचा उस्ताद होता. यारोस्लाव्हलच्या प्रेषित एलियाच्या चर्चमधली १६८०-८१ची चित्रं त्याच्या टोळीची. त्याचं पूर्ण नाव गुरी निकितीन किनेशेम्त्सेव. किनेशेम्त्सेव म्हणजे किनेश्मा गावचा. म्हणजे इथेही 'निकितीन' बापाचंच नाव, आडनाव दुसरंच. पीटर द ग्रेटने १७१६ मध्ये इटलीला शिकायला पाठवलेला चित्रकार इव्हान निकितीन याचं मधलं नाव निकितिच, कारण त्याचाही बाप निकिता. मृत्युशय्येवरच्या पीटरचं चित्र त्याचं. पुढे एका पत्रकाच्या प्रकरणात फटके खाऊन त्याला सैबेरियात तोबोल्स्कला हद्दपार केलं गेलं, आणि माफी मिळून परतताना तो वाटेतच वारला. कवी इव्हान निकितीन (१८२४-१८६१) व्होरोनेझचा. बापाचा मेणबत्त्यांचा धंदा बुडाल्यावर त्याने धर्मशाळावजा खानावळ चालवली, नंतर पुस्तकांचं दुकान काढलं. त्याच्या बापाचं नाव साव्वा.

टॉवरवाला निकोलाय निकितीन १९०७ मध्ये तोबोल्स्कला जन्मला. चित्रकाराची हद्दपारी आणि इंजिनिअरचा जन्म एकाच गावी, एवढ्यावरून नातं जोडायचा मोह होईल. पण मधे जवळजवळ पावणेदोन शतकं आहेत आणि जोडणारा धागा गावाच्या नावापलीकडे काही नाही. त्याच्या ओस्तांकिनो टॉवरची उंची ५४० मीटर, पाया पाच मीटरही खोल नाही. आतून ताणलेल्या दीडशेच्या आसपास पोलादी दोरांनी काँक्रीट आवळून धरलेलं आहे. व्होल्गोग्रादच्या प्रचंड 'मातृभूमी' पुतळ्याची रचनाही त्याचीच. एवढं काम ज्याचं आहे, त्याला उसना पूर्वज कशाला हवा? गायिका तात्याना निकितीनाचं तर आडनाव लग्नानंतरचं. तिचं माहेरचं नाव सादिकोवा.

अफानासीच्या वंशाची गोष्ट करायची तर त्याच्या बायकोमुलांची एकही नोंद नाही. तो घरी पोचलाच नाही. स्मोलेन्स्कच्या अलीकडेच वारला. व्यापाऱ्यांनी त्याच्या हातच्या वह्या मॉस्कोला आणून वासिली मामिरेव्ह या दरबारी कारकुनाकडे दिल्या आणि १४७५ च्या नोंदीत बखरकाराने त्यांची नक्कल उतरवून घेतली. त्या बखरकाराने वर जो मथळ्यासारखा परिचय लिहिला, त्यात 'निकितीन' हा शब्दच नाही. "अफोनास त्वेरीतीन, व्यापारी", असं तिथे आहे. मराठीत सांगायचं तर, अफोनास त्वेरकर.