पिकअपचा रेझिस्टन्स म्हणजे पिकअपचा आवाज नव्हे

गेले काही महिने गिटार वाजवणाऱ्यांच्या गटांमधून एक तक्ता फिरतो आहे. डाव्या बाजूला पिकअपांची (इलेक्ट्रिक गिटारच्या स्ट्रिंगखाली बसून तिचे कंपन विजेच्या संकेतात बदलणाऱ्या चुंबक आणि तारेच्या कॉइलच्या जोड्यांची) नावे, उजव्या बाजूला त्यांच्या रेझिस्टन्सचा, म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचा, किलो-ओहममध्ये एकेक आकडा, आणि खाली ठळक अक्षरांत चार सूत्रे: रेझिस्टन्स जितका जास्त तितका पिकअप जोरदार, ८ किलो-ओहमच्या खालचा पिकअप कमकुवत, तो बदलून टाकावा, अल्निको (ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट असलेल्या मिश्रधातूचा) चुंबक गोड आणि सिरॅमिक कर्कश, पिकअप जितका जुना तितका मुरलेला. विश्वास बसत नसेल तर सोबतच्या ध्वनिफिती ऐकून स्वतःच ठरवा, अशी वर पुस्ती. मी हा तक्ता दोनदा पाहून सोडून दिला होता. तिसऱ्यांदा तो माझ्या भाच्याने पाठवला, तेव्हा त्याच्या गिटारचा ब्रिजजवळचा सिंगल कॉइल पिकअप सुटा होऊन टेबलावर पडला होता. "मामा, मीटरवर ६.१ च आला," एवढेच त्याचे कारण होते. गिटार चांगली वाजत होती, हे तोही नाकारत नव्हता.

सर्वांत जास्त नुकसान पहिल्या दोन सूत्रांनी केले आहे, म्हणून आधी त्यांचाच समाचार घेतो. पिकअपमधल्या चुंबकामुळे पोलादी स्ट्रिंग स्वतः चुंबकित होते; ती कंप पावली की कॉइलमधून जाणारा चुंबकीय प्रवाह बदलतो आणि त्या बदलामुळे कॉइलमध्ये व्होल्टेज निर्माण होते. फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलेले प्रवर्तन ते हेच. हे व्होल्टेज किती असेल ते कॉइलच्या फेऱ्यांवर, चुंबकाच्या ताकदीवर आणि स्ट्रिंग पिकअपपासून किती अंतरावर आहे यावर ठरते. रेझिस्टन्स या यादीत कुठेही नाही. तो फक्त एवढेच सांगतो की गुंडाळलेली तांब्याची तार किती लांब आहे आणि किती बारीक आहे. पिकअपमध्ये सर्रास वापरली जाणारी ४२ गेजची तार सुमारे ०.०६३ मिलिमीटर जाडीची असते आणि ४३ गेजची ०.०५६ मिलिमीटरची. तेवढीच लांबी ४३ गेजने गुंडाळली तर रेझिस्टन्स सव्वापटीच्या थोडा वर जातो. म्हणजे भाच्याचा ६.१ चा पिकअप एकही फेरा न वाढवता साडेसातच्या पुढे गेला असता आणि तक्त्यात सन्मानाने वरच्या ओळीत बसला असता. टेलिकास्टर गिटारच्या नेक पिकअपची, म्हणजे मानेकडच्या पिकअपची, बॉबिन (तार गुंडाळायची रीळ) लहान असल्यामुळे त्यात परंपरेने ही बारीक तार वापरतात. मीटरवर त्याचा आकडा ब्रिजच्या पिकअपइतका किंवा त्याहून जास्तही येतो. पण त्याची ख्याती आहे ती मऊपणासाठी.

आकडाही स्थिर नसतो. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंश सेल्सिअसला साधारण ०.३९ टक्क्यांनी वाढतो. सकाळी २२ अंशांना ६.१ दाखवणारी कॉइल दुपारी ३४ अंशांना ६.४ च्या आसपास दाखवेल, आणि दुपारी गिटार जास्त जोरात वाजते असा दावा अजून तरी कोणी केलेला नाही. शिवाय पिकअप न काढता गिटारच्या केबल लावायच्या जॅकमधून मोजले, तर व्हॉल्यूमचा पॉट (बटणामागचा कमी-जास्त होणारा रेझिस्टर) कॉइलला समांतर राहतो आणि वाचन आणखी थोडे खाली येते. तक्त्यातले आकडे कोणत्या तापमानाला आणि कसे मोजले, हे त्यात कुठेही लिहिलेले नाही.

याहून सोपी परीक्षा हमबकरवर, म्हणजे गुणगुण घालवण्यासाठी दोन कॉइल वापरणाऱ्या पिकअपवर, घेता येते. ४-४ किलो-ओहमच्या दोन कॉइल सिरीजमध्ये (एकापुढे एक) जोडल्या की मीटर ८ दाखवतो, आणि त्याच दोन कॉइल पॅरललमध्ये (समांतर) जोडल्या की २. तक्ता खरा असता तर स्विच फिरवताच आवाज चौथ्या हिश्श्यावर यायला हवा होता. प्रत्यक्षात व्होल्टेज साधारण निम्मे होते आणि वरचे स्वर मोकळे होतात, कारण इंडक्टन्स (बदलत्या प्रवाहाला कॉइलकडून होणारा विरोध) चौथ्या हिश्श्यावर येतो. ग्रेचच्या गिटारींवरचा, रे बट्स यांनी बनवलेला फिल्टरट्रॉन हमबकर ४ किलो-ओहमच्या आसपास असतो; तक्त्याच्या न्यायाने तो थेट कचऱ्यात जायचा. आणि बॅटरीवर चालणाऱ्या ॲक्टिव्ह पिकअपांमध्ये कॉइल आणि जॅक यांच्यामध्ये प्रीॲम्प (संकेत वाढवणारे छोटे सर्किट) बसलेला असतो, त्यामुळे बाहेरून मीटर लावून कॉइलबद्दल काहीच कळत नाही. तरीही तक्त्यात त्यांच्यापुढेही आकडे छापलेले आहेत. ते कुठून आणले, हे छापणाऱ्यालाच विचारावे लागेल.

मग पिकअपचा आवाज कशाने ठरतो? हेल्मुट लेमे या जर्मन अभियंत्याने पिकअपच्या मोजमापावर केलेले लेखन या बाबतीत अजूनही सर्वांत उपयोगी आहे आणि माझा बराचसा युक्तिवाद त्यावरच उभा आहे. कॉइलचा इंडक्टन्स आणि केबलची कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) मिळून एका ठरावीक वारंवारतेला अनुनाद होतो, तिथे आवाजाचे एक शिखर तयार होते आणि त्यानंतर आवाज झपाट्याने उतरतो. हे शिखर कुठे आहे आणि किती उंच आहे, यावर पिकअपचा स्वभाव मुख्यतः ठरतो, हे लेमे यांचे म्हणणे. बहुतेक पिकअपांचे शिखर नेहमीच्या केबलसह २००० ते ५००० हर्ट्झच्या दरम्यान येते. २००० च्या आसपास आवाज मऊ आणि ऊबदार वाटतो, ३००० ला उजळ, आणि ४००० ला टोकदार.

आता हिशेब करून पाहा. २.४ हेन्रीचा सिंगल कॉइल घ्या, दर मीटर लांबीला १०० पिकोफॅरड कपॅसिटन्सची केबल घ्या आणि कॉइलची स्वतःची म्हणून आणखी १०० पिकोफॅरड धरा. ३ मीटरच्या केबलवर शिखर सुमारे ५१०० हर्ट्झला येते. तीच केबल १० मीटरची केली की शिखर सुमारे ३१०० ला उतरते, म्हणजे ४.५ हेन्रीचा हमबकर मध्यम लांबीच्या केबलवर जिथे असतो तिथे. हा प्रयोग मी भाच्याकडून करवून घेतला. केबल बदलताच स्ट्रमिंगमधली चकाकी गेली, ते त्याला लगेच ऐकू आले. मीटरवर आकडा मात्र तोच होता. त्या तक्त्यात केबल हा शब्द एकदाही आलेला नाही.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो. एकाच बॉबिनवर, एकाच गेजच्या तारेने आणि एकाच चुंबकाने बनवलेल्या दोन पिकअपांची तुलना असेल, तर जास्त रेझिस्टन्स म्हणजे जास्त फेरे, आणि जास्त फेरे म्हणजे जास्त व्होल्टेज, हे बरोबर आहे. फक्त त्याच फेऱ्यांनी इंडक्टन्सही वाढतो आणि शिखर खाली सरकते, हे अर्धे वाक्य तक्त्याने गाळले आहे. मीटरचा खरा उपयोग कॉइल तुटली आहे का हे पाहण्यासाठी होतो. भाच्याने पिकअप काढताना स्क्रूड्रायव्हरचे टोक कॉइलला लागले आणि केसाहून बारीक असलेली ती तार तुटली. आता मीटरवर रेझिस्टन्स अनंत येतो. तक्त्यानुसार हा जगातला सर्वांत जोरदार पिकअप ठरावा.

चुंबकांचे सूत्र अर्धवट खरे आहे. अल्निको २ या प्रकारच्या चुंबकाचे क्षेत्र अल्निको ५ पेक्षा कमजोर असते, त्यामुळे तीच कॉइल असेल तर आवाज थोडा कमी येतो. पण सिरॅमिक चुंबकाला स्वतःचा कर्कश स्वर नसतो. अनेक साध्या सिंगल कॉइलमध्ये सिरॅमिकची पट्टी खाली असते आणि कॉइलच्या आत स्टीलचे खांब असतात. त्या स्टीलमुळे इंडक्टन्स वाढतो आणि त्यातल्या भोवरा-प्रवाहांमुळे (धातूत गोल फिरणाऱ्या विजेच्या प्रवाहांमुळे) शिखर बसके होते. म्हणजे असा पिकअप कर्कश होण्याऐवजी बहुधा मंद होतो.

जुन्या पिकअपांच्या मुरण्यावर फार शब्द खर्चण्यात अर्थ नाही. सामान्य तापमानाला आणि दुसऱ्या तीव्र चुंबकापासून दूर ठेवलेला अल्निको आपली ताकद दशकानुदशके जवळजवळ तशीच टिकवतो. सेथ लव्हर यांनी गिब्सनसाठी बनवलेल्या आणि पेटंट प्रलंबित असल्याची चिठ्ठी चिकटवलेल्या ज्या हमबकरांचे दाखले दिले जातात, ते नवे असतानाही एकसारखे नव्हते. त्यांचे आकडे साधारण ७ ते ९ किलो-ओहमच्या दरम्यान पसरलेले आढळतात. पेटंटचा अर्ज १९५५ चा आणि मंजुरी १९५९ ची. त्यात जोर आहे तो गुणगुण घालवण्यावर, मुरण्यावर नव्हे.

राहिल्या त्या ध्वनिफिती. त्यांत प्रत्येक वेळी जास्त किलो-ओहमचा पिकअप मोठ्याने वाजतो, आणि दोन आवाजांपैकी थोडा मोठा असेल तोच कानाला बरा वाटतो, हे ध्वनिमुद्रण करणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. पिकअप स्ट्रिंगच्या किती जवळ आहे हे एकाही फितीत सांगितलेले नाही. स्क्रूचे दोन-तीन वेढे फिरवूनही आवाजाची पातळी सहज ऐकू येईल इतकी बदलते. फार जवळ नेला तर चुंबक स्ट्रिंगला ओढतो आणि सूर हलू लागतो, तो भाग वेगळा. तुलना करायचीच असेल तर गिटार, स्ट्रिंग, केबल आणि जागा एकच ठेवावी आणि दोन्ही आवाज एका पातळीवर आणून, कोणता कुठला हे न पाहता ऐकावेत.

भाच्याने शेवटी ८.४ चा पिकअप बसवलाच आणि तो किती भारी आहे हे मला ऐकवले. मी तो स्क्रूने खाली घेतला आणि त्याने जुन्या पिकअपवर पूर्वी केलेल्या मुद्रणाच्या पातळीला आणून दोन्ही पुन्हा लावले. थोडा वेळ ऐकून तो काही बोलला नाही. पण तेव्हापासून त्याच्या ॲम्पवरचा ट्रेबल (वरचे स्वर वाढवणारे बटण) ५ ऐवजी ७ वर असतो.