आम्ही कळवू

नोकरी मेळाव्यात छाप पाडावी लागते, हे मला सगळ्यांनी सांगितलं. कशी पाडायची याबद्दल मात्र एकमत नव्हतं. दादा म्हणाला, हात घट्ट मिळव. मित्र म्हणाला, फार घट्ट नको, कुस्तीला आल्यासारखं वाटतं. वहिनी म्हणाली, चेहरा हसरा ठेवा. मी आरशासमोर ठेवून बघितला, तर तिनेच विचारलं, "भाऊजी, दाढ दुखतेय का?"

रेझ्युमेवर मी सात रात्री जागलो. आठव्या दिवशी वाचनात आलं, की लॅडर्स नावाच्या नोकरीविषयक संकेतस्थळाने २०१८ साली भरती करणाऱ्यांच्या नजरेचा माग घेतला, आणि पहिल्या चाळणीत ती एका रेझ्युमेवर सरासरी ७.४ सेकंद टिकते असं निघालं. म्हणजे माझ्या एकेका रात्रीला एक सेकंद आणि वर थोडी चिल्लर.

पण मी खचलो नाही. लिओनार्दो दा विंचीनेसुद्धा १४८२ च्या सुमारास इटलीतल्या मिलानचा कारभार बघणाऱ्या लुडोविको स्फोर्झाकडे नोकरीसाठी पत्र धाडलं होतंच की. हलके पूल बांधतो, तोफा बनवतो, भुयारं खणतो, अशी सगळी लढाईची कामं आधी आणि चित्रंही काढतो हे पार शेवटी. समोरच्याला हवं ते वर, आपल्याला येतं ते खाली. मीही तसंच केलं. फरक एवढाच, की त्याला शेवटचं खरोखर येत होतं.

मेळाव्यात पाऊण तास रांगेत उभा राहून पहिल्या टेबलाशी पोहोचलो. "आमच्या कंपनीबद्दल काय माहिती आहे?" मॅडमनी विचारलं. याचीच तर मी वाट बघत होतो! स्थापना, शाखा, नवी उत्पादनं, संचालकांची दूरदृष्टी... मी थांबेचना. मॅडमनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "छान. हेच शेजारच्या स्टॉलवर सांगा, ती कंपनी त्यांची आहे." गर्दीत दोन रांगा एकमेकींत कधी मिसळल्या, ते मला कळलंच नव्हतं.

एव्हाना दादाचे बूट चावायला लागले होते. (उसने बूट मालकाशी जितके इमानी असतात तितके उसनवाऱ्याशी नसतात.) एका रिकाम्या स्टॉलमागे खुर्ची दिसली. बसलो, टेबलाखाली बूट काढले आणि सुटकेचा श्वास सोडतोय तोच समोरून आवाज आला, "गुड मॉर्निंग सर!"

एक मुलगा. हातात रेझ्युमे, चेहऱ्यावर दाढदुखीचं हसू. "अहो, मी..." म्हणेपर्यंत त्याने माझा हात घट्ट दाबला आणि स्वतःची तीस सेकंदांची ओळख सुरू केली. त्याच्या मागे रांग लागली होती. अनवाणी उठून पळणं शोभलं नसतं.

मी रेझ्युमे घेतला. फोटो बघितला, नाव बघितलं, टक्केवारी बघितली, पान उलटलं नाही. सात सेकंदही नसतील झाले. आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "आम्ही कळवू."

शपथेवर सांगतो, इतका रुबाब मी आयुष्यात केला नव्हता. चौथ्या उमेदवाराला मी "पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता?" असंही विचारलं. मला स्वतःला पाच मिनिटांनी कुठे असेन ते ठाऊक नव्हतं.

अकरावा उमेदवार गेला आणि स्टॉलचे खरे साहेब रुमालाला हात पुसत आले. मी कपाळावरचा घाम पुसला. पण त्यांनी मला आयोजकांचा माणूस समजून उलट आभारच मानले. "बरं झालं तुम्ही सांभाळलंत. किती जमले?"

"बारा," मी म्हणालो आणि माझा रेझ्युमे गठ्ठ्यावर सरकवला.

त्यांनी वरचाच उचलला, नजर फिरवली. फोटोवरून माझ्याकडे बघायचं काही त्यांना सुचलं नाही. "हा कसा होता?"

"हुशार वाटला."

"छाप पडली?"

"माझ्यावर तरी पडली," मी म्हणालो, आणि पायाने टेबलाखाली दुसरा बूट चाचपू लागलो.