कढीपत्त्याचं हिवाळी अधिवेशन

डिसेंबरात महाराष्ट्राचं अख्खं सरकार बाडबिस्तरा उचलून मुंबईहून नागपूरला जातं. न्यू जर्सीत आमच्या घरी हे अधिवेशन ऑक्टोबरातच भरतं, तेही हॉलमध्ये. रात्रीचा पारा ५० फॅरनहाइटच्या, म्हणजे आपल्या १० अंशांच्या, खाली उतरू लागला की बायको फर्मान काढते, "आज कुंड्या आत." कुंड्या कोणी उचलायच्या, हे फर्मानात नसतं. त्या कामाला माझी कंबर आहे, हे तिला आधीच ठाऊक असतं.

अळू बिचारं गुणी. पानं कापायची, अळकुड्या उकरून सुकवायच्या आणि खोक्यात भरून बेसमेंटात ठेवून द्यायच्या. वसंतापर्यंत तक्रार नाही. जास्वंद आत आल्या आल्या पिवळी पानं गाळून निषेध नोंदवते. पण खरा मानकरी कढीपत्ता.

हा मान उगाच नाही. कढीपत्ता लिंबाच्या कुळातला. संत्र्या-लिंबांच्या बागा उठवणारा ग्रीनिंग नावाचा रोग जो किडा पसरवतो, तो यावरही सुखाने राहतो. त्यामुळे फ्लोरिडा-कॅलिफोर्नियासारख्या राज्यांतून ही रोपं बाहेर पाठवण्यावर सरकारी निर्बंध आहेत. साहजिकच रोप मिळतं ते वशिल्याने. आमचं मंडळातल्या एका काकूंच्या कुंडीतला फुटवा. त्या दर गणपतीला विचारतात, "आमचा कढीपत्ता कसा आहे?" आमचा!

दक्षिणेकडची खिडकी त्याची, म्हणून सोफा सरकला. हीटरच्या गरम झोताने पानं करपतात, म्हणून तिथला झोत बंद. आता त्या कोपऱ्यात फक्त दोघंच बसतात, कढीपत्ता आणि स्वेटर घातलेला मी. हवा कोरडी पडते म्हणून ह्युमिडिफायर आणला. मला खोकला झाला तेव्हा तो मागितला, तर उत्तर आलं, "तुम्ही गरम पाणी प्या. त्याला पिता येत नाही."

उजेड कमी पडू नये म्हणून वर जांभळा दिवा. संध्याकाळी रस्त्यावरून आमची खिडकी अशी काही दिसते, की शेजाऱ्याने एकदा हळूच विचारलं, "काय पिकवताय?" इथे २०२२पासून गांजाची दुकानं राजरोस चालतात, त्यामुळे प्रश्नात संशय नव्हता, आशा होती. मी एक पान चुरडून त्याच्या नाकाशी धरलं. तो नम्रपणे निघून गेला.

थंडीत झाड सुस्तावतं, पाणी कमी लागतं. हे आम्हा दोघांना कळतं, पण साताऱ्याहून व्हिडिओ कॉलवर बघणाऱ्या आईला मान टाकलेलं झाडच दिसतं. "अरे, आंबट ताक घाल त्याला!" साताऱ्याच्या परसात ताक घातलं की वारा वास घेऊन जातो. इथे खिडक्या बंद, हीटर चालू. ताक घातलं त्या रात्री जेवायला आलेले पाहुणे कढीला "नको, नको" म्हणाले.

मग लाल कोळी, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड. पानाखाली पांढरा कागद धरून टिचकी मारायची आणि पडलेले ठिपके चालू लागतात का ते बघायचं. चालले. तेव्हापासून रविवारी बाथटब कढीपत्त्याचा. पानं उलटी करून शॉवर, मग कडुनिंबाच्या तेलाचा फवारा. माझ्या आंघोळीचा नंबर त्यानंतर, तोही टबातली माती काढून.

एवढं करून फोडणीला पानं? ती देशी दुकानातून विकत. घरच्या झाडाला मेपर्यंत हात लावायचा नाही. एकदा पोह्यांसाठी दोन पानं तोडली, तर बायकोने फांदीवरची तूट ओळखून मला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं.

मार्चअखेरीस बुंध्याशी मातीतून पोपटी टोक वर आलं. फुटवा! बायकोने लगेच काकूंना फोटो पाठवला. मिनिटाभरात फोन आला.

"छान आहे हो! जपा. हा मी एकांना कबूल केलाय."