खुलासा : 'एमडीवर पाणी प्यायलं की काही होत नाही', हे चूक

नवरात्राच्या तोंडावर वडोदऱ्यातल्या आपल्या मराठी ग्रुपांवर नशेच्या गोळ्यांबद्दल एक मेसेज फिरतोय : 'एमडी म्हणजे एक्स्टसीच. गरब्यात गोळी घेतली तरी वर दोन-तीन लिटर पाणी रिचवा, काही होत नाही.' दांडिया बाजारातल्या एका काकांनी तो काळजीपोटीच पाठवला, खाली हात जोडलेले. पण दोन्ही वाक्यं चूक आहेत.

आपल्याकडे 'एमडी' म्हणून विकतात ते बहुधा मेफेड्रोन. एक्स्टसी म्हणजे एमडीएमए, वेगळं रसायन. मेफेड्रोनचा अंमल लवकर उतरतो, म्हणून माणूस पुन्हा पुन्हा घेत राहतो आणि हृदयावरचा ताण वाढत जातो.

पाण्याचं तर उलटंच. एमडीएमएमुळे अंगात पाणी धरून ठेवणारं संप्रेरक वाढतं, लघवी कमी होते. त्यावर पाणी ढोसलं की रक्तातलं सोडियम घसरतं, मेंदूला सूज येते. 1995मध्ये इंग्लंडमध्ये 18 वर्षांची एक मुलगी अशीच गेली. दीड तासात ती सुमारे 7 लिटर पाणी प्यायली होती. आणि पाण्याविना नाचत राहिलं तर अंग 40 अंशांच्या वर तापू शकतं. म्हणजे दोन्हीकडून फास.

कुणी बरळायला लागलं, अंग भट्टीसारखं तापलं, झटके आले तर ताक-लिंबू सरबताचे प्रयोग नकोत. कुशीवर वळवा, 108 लावा, काय घेतलं ते डॉक्टरांना खरं सांगा. मुलगा कुणाचा, ही चौकशी नंतर. व्यसनाबद्दल बोलायचं असेल तर 14446, फुकट आहे.