मागे राहिलेल्यांना कामाला लावायचे उपाय

साठी गाठलीत? अभिनंदन. आता मृत्युपत्र अजिबात करू नका. कागदावर सही झाली की यम पत्ता विचारत दारात येतो, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. नात्यातल्या एका काकूंबरोबर एका बँकेचे उंबरठे नुकतेच झिजवून आलोय, त्यामुळे पुढचे सल्ले अगदी ताजे आहेत.

एफडी करताना नॉमिनीचा रकाना मोकळा सोडा. ‘नंतर बघू’ म्हणायचं. नॉमिनी असला की सगळा बेरंग होतो: मृत्यूचा दाखला, ओळखपत्र आणि अर्ज दिला की 15 दिवसांत पैसे मोकळे करा, असं रिझर्व्ह बँकेनं सांगून ठेवलंय. नसला की खरी रंगत. सगळ्या वारसांच्या सह्या, हमीपत्र. रक्कम मोठी असली तर दिवाणी न्यायालयातून सक्सेशन सर्टिफिकेट, म्हणजे वारस असल्याचा दाखला, त्यासाठी वकील, कोर्ट फी, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, मग हरकतींची वाट. एखादा मुलगा न्यू जर्सीत असेल तर दुधात साखर, कारण त्याचं मुखत्यारपत्र आधी तिकडच्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित होऊन यावं लागतं. आल्यावर काउंटरवरचे साहेब सांगणार, ‘हा फॉर्म जुना झाला.’ आणि हो, 1 नोव्हेंबर 2025 पासून एका खात्याला चार नॉमिनी लावता येतात, म्हणजे आता चार रकाने मोकळे सोडायची सोय झाली.

ज्यांनी नॉमिनी लावलाय त्यांनी ‘फ्लॅट आता धाकट्याचा’ असं समजून निवांत घोरावं. नॉमिनी हा मालक नसतो, तो वारसांच्या वतीनं सांभाळणारा असतो. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2023 मध्ये हेच पुन्हा सांगितलं. पण सोसायटीच्या मीटिंगमध्ये तुमचंच म्हणणं खरं करा.

पीएफला लग्नाआधी आईचं नाव दिलं होतंत ना? बदलू नका. लग्न झाल्याक्षणी ते नामनिर्देशन रद्द झालेलं आहे, एवढंच.

निवृत्तीचा हिशेबही नको, पीएफमधली पेन्शन आहेच की! तिचं सूत्र सोपं: 15,000 पगाराची मर्यादा, गुणिले 35 वर्षं, भागिले 70. झाले महिन्याला साडेसात हजार. बीपीच्या गोळ्या आणि सोसायटीचा मेंटेनन्स त्यातच बसवा.

घर मुलाच्या नावे बक्षीसपत्र करून टाका, आणि त्यात ‘आईवडिलांचा सांभाळ करीन’ ही अट चुकूनही लिहू नका. नाहीतर मुलानं सांभाळलं नाही तर घर परत मिळवायला 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 चा आधार मिळायचा.

गावच्या सातबाऱ्यावर आजोबा आहेत? असू द्या.

‘सगळं हिचंच आहे’ हे मात्र चारचौघांत म्हणत राहा. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्यानं बायको, मुलगे, मुली आणि हयात असलेली तुमची आई, सगळ्यांचा हिस्सा सारखा. दोन मुलं आणि आई असेल तर तुमच्या कमाईच्या फ्लॅटमध्ये ‘हिचा’ वाटा पाव. उरलेल्यांनी हक्कसोड दिलं तर दिलं. ‘आमच्यात भांडणं नाहीत हो!’ नसतात. तुम्ही जिवंत असेपर्यंत कुणाच्यातच नसतात!

अहो, कसला अपशकुन? मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, साधा कागद चालतो. नोंदणी सक्तीची नाही, केलीत तर उत्तम. तुमची सही आणि दोन साक्षीदार, दोघांनी तुम्हाला सही करताना पाहिलेलं हवं आणि त्यांनी तुमच्यासमोर सही करायला हवी. साक्षीदार तुमच्यापेक्षा तरुण घ्या, वाटा मिळणारे घेऊ नका. वय झालं असेल तर डॉक्टरांचा दाखला त्याच दिवशीचा जोडा. खाती, पॉलिसी, डिमॅट, लॉकर यांची यादी करा आणि मूळ कागद कुठे आहे ते घरात सांगा. एका रविवारचं काम आहे आणि तुम्ही ते वर्षानुवर्षं टाळताय. त्याचा भुर्दंड भरणार कोण, तर पंचाहत्तरीत गुडघे धरून बँकेचे जिने चढणारी ती बाई, जिला तुमची एफडी कुठल्या शाखेत आहे एवढंसुद्धा तुम्ही कधी सांगितलेलं नाही.