पूल बांधा हो, पण आम्ही जायचं कुठून?

कोकणात कुठलाही पूल नाहीतर रस्ता जाहीर झाला की बातमीत 'पर्यटनाला चालना मिळणार' हे ठरलेलंच. अहो पण कुणाच्या पर्यटनाला? वीकेंडला एसयूव्ही घेऊन येणाऱ्यांच्याच ना, कारण सायकलवाले आणि पायी जाणारे तुमच्या हिशोबात कुठे आहेत?

आधीच सांगतो, पुलांना माझा विरोध नाहीये, लगेच 'विकासविरोधी' म्हणून अंगावर येऊ नका. वेसवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड, सगळीकडे फेरीबोटीचा भरोसा, रात्री बोट बंद झाली की पेशंटला घेऊन केवढा वळसा पडतो ते तिथल्या माणसाला विचारा. कोकण किनाऱ्याने जाणाऱ्या रेवस-रेडी सागरी मार्गाचं नाव अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासून ऐकतोय, होऊ दे की एकदाचा. पण पुलावर कठडा घालून वेगळी केलेली दोन मीटरची पट्टी मागितली तर पोटात का दुखतं?

मुंबईचा अटल सेतू बघा. 21.8 किलोमीटर, जानेवारी 2024 ला सुरू झाला, सायकल बंद, बाईक बंद, चालणं तर विसराच. बरं, तिथे गाड्या शंभरच्या स्पीडने जातात, एक वेळ समजू शकतो. पण हीच अक्कल उद्या खाडीपुलांवर चालवली आणि गिऱ्हाईक नाही म्हणून फेरी पण बंद पडली, तर सायकल खांद्यावर घेऊन पोहत जायचं का आम्ही?

आणि नवीन केलेल्या रस्त्यांची साइडपट्टी कधी उतरून बघितलीय का कुणी? डांबर संपतं तिथे वीतभर खाच, खाली सुटी खडी, त्यात फुटक्या बाटल्या. मागून ट्रॅव्हल्सवाला हॉर्नवर हात ठेवून येतो, खाली उतरावं तर पुढचं चाक खडीत घसरून आपण आडवे, वर राहावं तर तो घासून जाणार. वेग कमी करायला घातलेले उंचवट्यांचे पट्टे, म्हणजे रंबलर, ते पण या कडेपासून त्या कडेपर्यंत, सायकल निघेल एवढी फट ठेवायला काय पैसे पडतात? सामान लादलेली सायकल त्यावरून नेली की दातखिळी बसते. रत्नागिरीजवळच्या आरे-वारेच्या चढावर तर सुट्टीच्या दिवशी लोकं वळणावरच गाड्या लावून सेल्फी काढतात आणि गावातल्या बायका डोक्यावर भारा घेऊन रस्त्याच्या मधून चालतात, कडेला जागाच नाही तर करणार काय!

विचारलं की उत्तर तयार, 'जागा नाही, भूसंपादनाचा प्रॉब्लेम आहे'. मग पंढरपूरच्या पालखी मार्गाला दोन्ही बाजूंनी वारकऱ्यांसाठी वेगळी पायवाट कशी धरली? 2021 ला भूमिपूजनात स्टेजवरून सांगितलं ना तसं? म्हणजे मनात आलं की ड्रॉइंगमध्ये येतं. पूल एकदा उभा राहिला की नंतर बाहेरून पट्टी चिकटवणं सोपं नसतं, तेव्हा 'डिझाइन फायनल झालंय साहेब' एवढंच ऐकायचं.

लिहून ठेवा, उद्घाटनाला हेच नेते टोपी घालून सायकल रॅली काढणार, फोटो टाकणार आणि दुसऱ्या दिवशी तिथेच 'सायकलींना प्रवेश बंद'चा बोर्ड लागणार.